सतराव्या मिनिटाची चूक

खोली क्रमांक चौदामध्ये गेली नऊ वर्षे इंग्रजी शिकवले जाते. या काळात तेथे एक हजार सहाशे वीस पाठ झाले. शिकवणाऱ्या दोनशे सत्तर जणांपैकी दोनशे एकोणसत्तर उत्तीर्ण झाले. शिकणारे अकरा जण नऊ वर्षांपूर्वी पहिल्या पातळीवर होते. आजही ते पहिल्या पातळीवर आहेत.

विभागाला यात वावगे काही वाटत नव्हते. दुसऱ्याला पोहायला शिकवण्यासाठी स्वतः पाण्यात उतरावे लागत नाही. काठावर उभे राहून हात कसे हलवायचे याचे शास्त्र तेवढे अवगत असावे लागते. द्वितीय भाषा अध्यापनाचा पदव्युत्तर विभाग या तत्त्वावर उभा होता, आणि भक्कम उभा होता. दोन वर्षे, सोळा विषय. 'मौनाचे अध्यापनशास्त्र' (भाग पहिला व दुसरा), 'फळ्याच्या डाव्या बाजूचा तात्त्विक पाया', 'अध्येत्याच्या भुवयांचे वाचन', 'मूल्यमापनाचे मूल्यमापन' आणि याच तोलामोलाचे आणखी अकरा. इंग्रजी हा विषय त्यांत नव्हता. इंग्रजी प्रवेशाच्या वेळी गृहीत धरले जाई आणि पदवीच्या वेळी पुन्हा एकदा गृहीत धरले जाई. मधल्या काळात त्याला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

या विभागात वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी दाखल झालेल्या एका छात्राध्यापकाला सगळे 'काटेवाले' म्हणत. त्यांनी वीस वर्षे वजनमापे खात्यात काढली होती. दुकानोदुकानी जाऊन तराजूचे काटे तपासायचे, खोटे वजन जप्त करायचे, खऱ्यावर शिक्का मारायचा. पुढे काटे स्वतःच स्वतःला तपासू लागले (आणि स्वतःला निर्दोष ठरवू लागले), तेव्हा काटेवाले अतिरिक्त ठरले. अतिरिक्त कर्मचाऱ्यांना भाषा विभागात सामावून घ्यावे, कारण वजन आणि भाषा या दोन्हींत प्रमाण महत्त्वाचे असते, असा आदेश निघाला. अट एकच: पदव्युत्तर पदवी, आणि ती दोन वर्षांच्या आत. नाहीतर घरी.

"घरी बसू नका हो," त्यांची बायको म्हणाली होती. "तुम्ही घरी बसलात की रोज माझ्या डब्यातली साखर तोलाल. नोकरी गेल्याचं मी सोसेन, ते नाही सोसवायचं."

तेव्हा प्रश्न साखरेचा होता, म्हणजेच संसाराचा होता.

पदवीचा प्राण म्हणजे सराव पाठ. पाठ चाळीस मिनिटांचा आणि त्याचे टाचण बेचाळीस पानांचे. मिनिटाला एक पान, आणि जास्तीची दोन अनपेक्षित घटनांसाठी. टाचण इंग्रजीत लिहायचे, तीन प्रती काढायच्या आणि पाठाच्या तीन दिवस आधी कार्यालयात द्यायच्या. पहिल्या प्रतीवर विभागप्रमुख बाई सही करत. दुसरी कपाटात जाई. तिसरी प्रत 'अध्येत्यांच्या माहितीसाठी' खोली क्रमांक चौदाच्या खिडकीत ठेवण्यात येई. अध्येत्यांना इंग्रजी येत नसल्यामुळे या तरतुदीस कोणी हरकत घेतली नव्हती.

मागच्या बाकावर परीक्षक निरीक्षण प्रपत्र घेऊन बसत. सतराव्या मिनिटाला अध्येत्याकडून अपेक्षित चूक घडणे, गुण पंचवीस. अठराव्या मिनिटाला अध्यापकास अपेक्षित आश्चर्य वाटणे, गुण पाच. एकोणिसाव्याला सस्मित दुरुस्ती, गुण वीस. एकतिसाव्याला दृश्य प्रगती, गुण पंचवीस. उरलेले पंचवीस आवाज, हस्ताक्षर आणि पोशाख यांत विभागलेले. उत्तीर्ण होण्यास पन्नास. चूक घडलीच नाही तर आश्चर्य कशाचे वाटणार, दुरुस्त काय करणार आणि प्रगती कशातून होणार? रोगीच ठणठणीत निघाला तर वैद्याने नाडी कोणाची धरायची? असा पाठ थेट पंचवीसवर येऊन थांबे.

म्हणूनच अध्येते निवडताना विभाग अतिशय दक्ष असे. बारा खुर्च्या, बारा अध्येते. त्यात एक निवृत्त बस-कंडक्टर, एक पहारेकरी, बँडमध्ये सनई वाजवणारा एक गृहस्थ, फुले विकणाऱ्या दोन बहिणी, एक सुईण आणि अशीच इतर भली माणसे. मोबदल्यात पंख्याची हवा, चार वाजता चहा आणि दोन बिस्किटे. नियम नऊ असा: ज्या अध्येत्यास इंग्रजी येऊ लागल्याचे निदर्शनास येईल, त्यास प्रमाणपत्र देऊन सन्मानपूर्वक कमी करण्यात यावे. नऊ वर्षांत हा सन्मान एकालाच मिळाला होता. तिसऱ्या वर्षी एक सलूनवाला आपली पाळी नसताना दोन वाक्ये सलग आणि शुद्ध बोलून गेला. (त्याच्या धंद्यात गप्प बसण्याचे शिक्षण मिळत नाही.) तेव्हापासून बारावी खुर्ची रिकामी होती, आणि सलूनवाला चार वाजता रस्त्यापलीकडच्या आपल्या दुकानाच्या दारात उभा राहून खोली चौदाच्या खिडकीकडे पाहत चहा पीत असे.

त्या खुर्चीवर काटेवाल्यांनी आपल्या आत्याला आणून बसवले.

आत्या किल्ल्या करायची. बाजाराच्या तोंडाशी दोन हात रुंद दुकान, भिंतीवर दोन हजार कोऱ्या किल्ल्या, आणि मध्ये परदेशातून आलेले नवे यंत्र. हे यंत्र बोलायचे. दिवसातून एकदोनदा ते मध्येच थांबे आणि एका बाईच्या आवाजात, शांतपणे, इंग्रजीत एक वाक्य म्हणे. आत्या बटण दाबून पाही. यंत्र तेच वाक्य पुन्हा म्हणे. मग तंत्रज्ञाला निरोप जाई, तो आठवड्याने येई, पडदा ओढून आत काहीतरी करी आणि यंत्र चालू होई.

"दोन वर्षं ती बाई मला काहीतरी सांगतेय," आत्या म्हणाली, "आणि मी आपली हो बाई, हो बाई करतेय. माणुसकी म्हणून तरी कळायला नको? तू इंग्रजीचा मास्तर होतोयस ना? ऐक आणि सांग."

काटेवाल्यांनी ऐकले. आवाज नाकातून येत होता आणि वाक्य घाईने संपत होते. त्यांनी पुन्हा ऐकले. काटेवाले शास्त्राचे पदवीधर होते; जे मोजता येत नाही ते मोजता येत नाही, असे सांगण्याची त्यांना सवय होती. पण पदव्युत्तर विभागात दीड वर्ष घालवल्यानंतर ती सवय मोडली होती.

"तांत्रिक शब्द आहे," ते म्हणाले.

"दोन वर्षं एकच तांत्रिक शब्द?"

"आत्या, तू वर्गालाच ये ना. चहा मिळतो."

प्रवेश परीक्षेत विभागप्रमुख बाईंनी आत्याला इंग्रजीत एकच प्रश्न विचारला: तुम्हाला इंग्रजी येते का? आत्याने उत्तर दिले नाही. ती उत्तीर्ण झाली.

पहिल्याच दिवशी आत्याने हात वर केला आणि यंत्राचे वाक्य जसे ऐकले होते तसे नाकातून म्हणून दाखवले, आणि याचा अर्थ काय असे विचारले. शिकवणाऱ्या मुलीने टाचणाची पाने उलटली. नंतर अत्यंत प्रेमाने सांगितले की हा प्रश्न आजच्या उद्दिष्टांत बसत नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने तेच सांगितले. तिसऱ्याने, 'मौनाचे अध्यापनशास्त्र' या विषयात तो पहिला आला असल्यामुळे, काहीच सांगितले नाही. आत्याने हात खाली घेतला. शेजारच्या खुर्चीवरचे कंडक्टर काका तिच्याकडे तिरप्या नजरेने बघत होते.

दरम्यान, काटेवाले मोजत होते. इतरांच्या पाठांना हजर राहणे सक्तीचे असल्यामुळे, आणि तेथे दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे, त्यांनी खिशातले जुने विरामघड्याळ चालू केले. साठ पाठ मोजून झाल्यावर त्यांनी आकडेमोड केली. अपेक्षित चूक सतराव्या मिनिटाला घडत होती. प्रत्येक वेळी. शिकवणारा कोणीही असो, विषय कोणताही असो. पुढेमागे फरक जास्तीत जास्त तीन सेकंदांचा.

काटेवाल्यांना रात्रंदिवस एकच खटकू लागले. खोटे वजन त्यांनी वीस वर्षे पकडले होते, आणि खोट्या वजनाची एक खूण त्यांना पाठ होती: खरी वस्तू थोडी कमीजास्त भरते, जी दर वेळी अगदी बरोबर भरते, तिच्या पारड्याखाली कोणाचा तरी अंगठा असतो. अज्ञान हीसुद्धा निसर्गातली वस्तू आहे. बस वेळेवर येत नाही, पाहुणे वेळेवर जात नाहीत. मग अज्ञानानेच घड्याळ लावून का यावे?

त्यांनी प्रयोग केला. आपल्या पाचव्या सराव पाठाचे टाचण त्यांनी 'बाजारात' या विषयावर दिले आणि प्रत्यक्षात पाठ 'दवाखान्यात' या विषयावर घेतला. परीक्षकांच्या हे लक्षात येण्याची भीती नव्हती. प्रपत्रात विषयाचा रकाना नव्हता. सोळा मिनिटे वर्ग अस्वस्थ होता. सनईवाले खिडकीतली टाचणाची प्रत आणि काटेवाल्यांचे तोंड यांच्याकडे आळीपाळीने पाहत होते. सतराव्या मिनिटाला पहारेकऱ्याची पाळी होती. काटेवाल्यांनी त्याला तापाबद्दल विचारले. पहारेकरी उभा राहिला, त्याने घाम पुसला आणि टोमॅटोच्या भावात चूक केली.

गुण मिळाले. चूक घडली होती.

चहाच्या वेळी कंडक्टर काकांनी काटेवाल्यांना पंख्याखालून बाजूला ओढले.

"मास्तर, असं ऐन वेळी गाडी दुसऱ्या रस्त्यानं नेऊ नये. पोराला घाम फुटला की हो! बदलायचं होतं तर निदान खिडकीत चिठ्ठी तरी ठेवायची."

"म्हणजे तुम्ही टाचण वाचता?"

"वाचल्याशिवाय कोणती चूक करायची ते कसं कळणार?"

"बेचाळीस पानं? इंग्रजीत?"

"तुमचं सव्विसावं आणि एकतिसावं पान एकच आहे," काका बिस्कीट बुडवत म्हणाले. "वर बाईंची सही आहे, त्यामुळे आम्ही काही बोललो नाही."

काटेवाले बाक गाठून बसले. मग काकांनी सगळे सांगितले. विभागाचे पहिले वर्ष होते. बाराही जणांना तेव्हा इंग्रजी खरोखरच येत नव्हते. पहिल्याच पाठाला एक मुलगी शिकवायला उभी राहिली. सतराव्या मिनिटाला तिने प्रश्न विचारला आणि सगळ्यांनी मनापासून चुका केल्या. पण त्या टाचणातल्या चुका नव्हत्या.

"आम्हाला येत नव्हतं हे खरं," काका म्हणाले, "पण तिला जे हवं होतं तेच नेमकं येत नव्हतं असं नाही ना. आम्हाला भलतंच येत नव्हतं. पोर नापास झाली. या इथं, या खांबाशी उभी राहून रडली. फुलवाल्या थोरलीनं तिला डोळे पुसायला पदर दिला. तेव्हा ठरवलं, की पुढच्याला असं होऊ द्यायचं नाही. पुतण्याचा शब्दकोश आणला. पहिलं पान लावायला मला तीन दिवस लागले."

"आणि आता?"

"आता काय, तासाभरात होतं. धाकटी फुलवाली मोठ्यानं वाचते, बाकीचे ऐकतात. चूक बसवून घ्यायला अर्धा तास लागतो, कारण ती अगदी आतून आल्यासारखी वाटली पाहिजे. सुईणबाई फार छान करतात. तुम्हा लोकांना वाटतं शिकवणं अवघड. आलेलं लपवणं करून बघा एकदा."

काटेवाल्यांनी विरामघड्याळ खिशात ठेवले. खात्याच्या नियमाप्रमाणे खोटे वजन सापडल्यावर पंचनामा करायचा असतो. पण येथे अंगठा पारड्याखाली होता तो गिऱ्हाइकाचा, आणि तोटाही गिऱ्हाईकच सोसत होते. अशा गुन्ह्याला खात्याच्या पुस्तकात कलम नव्हते. शिवाय आणखी तीन आठवड्यांनी त्यांचा अंतिम पाठ होता, आणि त्या पाठात चूक करण्याची पाळी कोणाची हे भिंतीवरच्या तक्त्यात ('त्रुटी-पाळी, समान संधी तत्त्वानुसार') स्पष्ट लिहिले होते. सर्वांत नवीन अध्येत्याची. म्हणजे आत्याची.

आत्याला तोवर चार महिने झाले होते. पाठांमधून तिला काही मिळाले नव्हते. पण चहाच्या वेळी खिडकीत बसून कंडक्टर काका तिच्याकडून टाचणे वाचून घेत. किल्ल्या करणाऱ्या माणसाची नजर. एक खाच दाखवली की शेजारची ती स्वतःच ओळखायची. आता ती 'अध्यापनोद्दिष्टानुवर्ती प्रतिसादाची पूर्वकल्पित अपूर्णता' यासारखी इंग्रजी वाक्ये एका दमात वाचू लागली होती, आणि त्यात काही अर्थ नाही हेही तिला कळू लागले होते. (येथे ती विभागाच्या बरीच पुढे गेली होती.)

काटेवाले तिच्या दुकानात गेले. यंत्र नुकतेच थांबले होते.

"पाचातले तीन शब्द लागले बघ," आत्या खुशीत म्हणाली. "पहिला 'कृपया' आहे. दोन वर्षं बिचारी कृपया म्हणतेय आणि मी तिच्या थोबाडावर बटण मारतेय."

"आत्या, एक काम होतं. गुरुवारी सतराव्या मिनिटाला मी तुला रस्ता विचारणार. तू चुकायचं."

"का?"

त्यांनी समजावले. गुण, पदवी, आदेश, नोकरी, साखर. आत्या कानस थांबवून ऐकत होती.

"म्हणजे मला येतंय ते येत नाही म्हणायचं?"

"एकदाच."

"अरे, मी किल्ल्या करते. चाळीस वर्षं झाली. एक खाच इकडची तिकडे झाली तर माणूस आपल्याच दाराबाहेर उभा राहतो. माझा हात मुद्दाम चुकवायला शिकलेला नाही. त्याला शिकवू नकोस. उद्या सवय लागली तर?"

"आत्या, माझी नोकरी जाईल."

"तुझ्या बापालासुद्धा मी कधी खोटी किल्ली करून दिली नाही," आत्या म्हणाली, आणि जरा थांबून म्हणाली, "बघते. पण तोंडाचा भरवसा देत नाही. ते हाताच्याच बाजूनं आहे."

गुरुवारी बहिःस्थ परीक्षक आले. ते बाहेरगावचे असल्यामुळे अधिक निष्पक्ष समजले जात. विभागप्रमुख बाई त्यांच्या शेजारी बसल्या. काटेवाल्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पोशाखाचे गुण तरी हातचे जाऊ नयेत. अकरा जण पाठ करून तयार होते. आत्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

सतरावे मिनिट लागले. काटेवाल्यांनी आत्याला इंग्रजीत विचारले की पोस्टात कसे जायचे.

आत्या उभी राहिली. तिने कंडक्टर काकांकडे पाहिले, काकांनी डोळे मिटून मान हलवली, म्हणजे 'चूक, ताई, चूक'. आत्याने तोंड उघडले. ते मिटले. पुन्हा उघडले. आणि पोस्टात कसे जायचे ते सांगितले. सरळ जा, दवाखान्याशी डावीकडे वळा, किल्ल्यांच्या दुकानासमोर लाल इमारत दिसेल. दुपारी एक ते दोन बंद असते. सगळे इंग्रजीत, एकही खाच इकडची तिकडे न होता.

खोली क्रमांक चौदामध्ये नऊ वर्षांत पसरली नव्हती अशी शांतता पसरली. (मौनाच्या अध्यापनशास्त्रात हिच्यासाठी नाव नाही.) सनईवाल्यांनी घाईघाईने खोकून स्वतःची एक चूक पुढे करण्याचा प्रयत्न केला, पण पाळी नसल्याने ती ग्राह्य नव्हती. परीक्षकांचे पेन रकान्यावर अधांतरी थांबले होते. काटेवाल्यांना डब्यातली साखर दिसू लागली.

टाचणाचे सव्विसावे पान त्यांना तोंडपाठ होते: अध्येत्याची चूक फळ्याच्या डाव्या बाजूस ठळक लिहावी. डोके बंद पडले की माणसाचा हात शिस्तीवर चालतो. काटेवाले फळ्याकडे वळले आणि जी चूक आत्याने केली नव्हती ती त्यांनी आपल्या हाताने, ठळक, डाव्या बाजूस लिहिली.

"अरे, हे काय लिहिलंस?" आत्या मागून मराठीत ओरडली. "असं गेलं तर माणूस पोस्टात नाही, नाल्यात जाईल."

ती फळ्यापाशी आली. तिने पुतण्याच्या हातातून खडू घेतला, चूक खोडली, बरोबर ते लिहिले आणि त्याच्याकडे बघून हसली. काटेवाल्यांच्या तोंडावर आश्चर्य होते. अस्सल, आतून आलेले आश्चर्य त्या खोलीत प्रथमच दिसत होते. एकतिसाव्या मिनिटाला ते स्वतः पोस्टाचा रस्ता बरोबर सांगू शकले.

परीक्षकांनी प्रपत्र वाचले. चूक घडली का? घडली. आश्चर्य वाटले का? वाटले. सस्मित दुरुस्ती? झाली, आणि हसू तर सर्वोत्तम. दृश्य प्रगती? डोळ्यांसमोर. चूक कोणाची, दुरुस्ती कोणाची आणि प्रगती कोणाची हे विचारणारा रकाना प्रपत्रात नव्हता. नऊ वर्षांत त्याची गरज पडली नव्हती. काटेवाल्यांना शंभरापैकी सत्त्याण्णव गुण मिळाले. तीन हस्ताक्षराचे गेले, कारण शेवटी फळ्यावर राहिलेले अक्षर आत्याचे होते.

विभागाच्या इतिहासात हे सर्वोच्च गुण आहेत.

शनिवारी आत्याला नियम नऊखाली सन्मानपूर्वक कमी करण्यात आले. प्रमाणपत्र इंग्रजीत होते. तिने ते तेथेच वाचले, दोन जागी खुणा केल्या आणि दुरुस्त करून परत दिले. बाई म्हणाल्या की प्रमाणपत्रे आधीच छापलेली असतात. आत्या म्हणाली, "किल्ल्याही आधी कोऱ्याच असतात हो बाई," आणि निघून गेली. त्या दिवशी चार वाजता रस्त्यापलीकडे सलूनवाल्याच्या दारात दोन कप होते.

पुढच्या सोमवारी काटेवाले दुकानात गेले तेव्हा यंत्र थांबले, आणि बाईच्या आवाजात वाक्य म्हणाले. आत्याने हात लांब करून यंत्राच्या मागचे झाकण दाबले. खट आवाज झाला. यंत्र चालू लागले.

"झाकण नीट लावा म्हणत होती," आत्या म्हणाली. "कृपया झाकण नीट लावा. बस्स."

"आणि तो तंत्रज्ञ दोन वर्षं काय करत होता?"

"झाकण लावत होता. पडदा ओढून."

काटेवाल्यांनी झाकण एकदा स्वतः दाबून पाहिले. मग त्यांनी विचारले, "त्याच्याकडे पदवी असेल का ग?"

"असणारच," आत्या म्हणाली. "त्याशिवाय पडदा कसा मिळेल?"

काटेवाल्यांना आदेशानुसार विभागातच सामावून घेण्यात आले. त्यांना मिळालेले पहिले काम चौकशीचे होते. वरच्या कार्यालयात कोणीतरी या लेखाच्या सुरुवातीला दिलेले आकडे शेजारी शेजारी लिहिले होते आणि खाली 'कारण काय?' असे विचारले होते. त्रिसदस्य समिती नेमण्यात आली. त्यातले दोन सदस्य गृहीत धरण्यात आले. काटेवाल्यांनी अहवाल लिहिला. अहवाल बेचाळीस पानांचा असणे आवश्यक होते, तसा तो केला. कारण सव्विसाव्या पानावर एका परिच्छेदात लिहिले. अकरा जणांच्या चहाला धक्का लागू नये म्हणून कोणाचा उल्लेख केला नाही. तीन प्रती काढल्या. पहिलीवर बाईंनी सही केली. दुसरी कपाटात गेली. तिसरी रीतीप्रमाणे खोली चौदाच्या खिडकीत ठेवली. आठवड्याभरात अहवालावर कार्यवाही झाली: अध्येत्यांची प्रगती पुरेशी नसल्याने पाठांची संख्या वर्षाला एकशे ऐंशीवरून दोनशे चाळीस करण्यात आली.

"आमची नावं नाही घातलीत, बरं केलंत," चहाच्या वेळी कंडक्टर काका म्हणाले. "पण मास्तर, सव्विसावं आणि एकतिसावं पान परत एकच लागलंय."

"मुद्दाम लावलं," काटेवाले म्हणाले. "कोणी वाचतं का ते मोजायला."

"मग? किती भरले?"

"तुम्ही धरून अकरा."

सव्विसाव्या पानावरचा, आणि म्हणून एकतिसाव्या पानावरचाही, परिच्छेद येथे जसाच्या तसा देत आहोत.

'कारण: खोली क्रमांक चौदामध्ये शिकवणारे जे लिहितात ते शिकवणारे वाचत नाहीत, तपासणारे वाचत नाहीत आणि सही करणारे वाचत नाहीत. ते फक्त शिकणारे वाचतात. त्यामुळे शिकणाऱ्यांना सुमारे आठ वर्षांपासून इंग्रजी येते. ते येत नसल्याचे ते दाखवतात, कारण तसे न केल्यास शिकवणारे नापास होतील आणि चहा बंद होईल.'

बारावी खुर्ची पुन्हा रिकामी आहे. हे कारण ज्या वाचकांच्या मध्यावरच ध्यानात आले होते, आणि तरीही ज्यांनी सांगणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून शेवटपर्यंत योग्य त्या जागी भुवया उंचावल्या, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. वेगळ्या अनुभवाची अट नाही. चहा चार वाजता. बिस्किटे दोन.